एल-१०० सेंच्युरी : स्टुडिओतून दिवाणखान्यात

ध्वनिमुद्रण झाल्यावर तंत्रज्ञ ज्या ध्वनिक्षेपकावर ते पारखून घेतो, त्याला 'मॉनिटर' म्हणतात. त्याने आवाज गोड करायचा नसतो. जे टिपले गेले ते गुणदोषांसह ऐकवायचे असते. असा व्यावसायिक मॉनिटर घरात आणण्याचा एक गाजलेला प्रयोग म्हणजे अमेरिकेतील जेबीएल कंपनीचा 'एल-१०० सेंच्युरी'.

जेम्स लान्सिंग यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस '४३१०' हा आटोपशीर स्टुडिओ मॉनिटर काढला. १९७० मध्ये त्याचेच घरगुती रूप बाजारात आले. अक्रोडाच्या लाकडाचा मुलामा दिलेली सुमारे दोन फूट उंचीची पेटी आणि दर्शनी भागावर चौकटी-चौकटींची फोमची जाळी. तिचा नारिंगी रंग तर त्या दशकाची खूणच ठरला.

आतली रचना मात्र साधी. खर्जासाठी पांढऱ्या लेपाचा १२ इंची शंकू, मधल्या स्वरांसाठी ५ इंची आणि उंच स्वरांसाठी दीड इंचाहूनही लहान शंकू. मधला सुमारे १५०० हर्ट्झला, तर छोटा ६००० हर्ट्झला कामाला लागे. मोठ्या शंकूला वरच्या बाजूने विद्युत अडसरच नव्हता. आपल्या नैसर्गिक मर्यादेपर्यंत तो वाजत राही. त्यामुळे आवाज थेट पुढ्यात येतो आणि ताल ठसठशीत उमटतो. काटेकोर तटस्थतेच्या कसोटीवर हा स्पीकर पूर्णपणे उतरत नाही, हे मान्य करायला हवे. पण रेकॉर्ड ज्या जातीच्या स्पीकरवर घडली, त्यावरच ती ऐकण्याचा मोह रसिकांना आवरला नाही. सत्तरच्या दशकात हा कंपनीचा सर्वाधिक खपाचा घरगुती ध्वनिक्षेपक ठरला. २०१८ मध्ये 'एल-१०० क्लासिक' या नावाने त्याची नवी आवृत्तीही आली.

जुनी जोडी घेऊ पाहणाऱ्याने प्रथम जाळी पाहावी. पॉलियुरेथेन फोम आर्द्रतेने कुजतो. पनवेल-पेण पट्ट्यातील जिते परिसरासारख्या दमट हवेत तर त्याचा भुगा होण्यास वेळ लागत नाही. मोठ्या शंकूची कड कापडी असल्याने ती सहसा टिकते. दर्शनी भागावरील मध्य व उंच स्वरांच्या पातळीच्या खुंट्या फिरवताना खरखर आली, तर घाबरू नये. बहुधा आतील संपर्कबिंदू स्वच्छ केल्याने ती जाते.