यादीत न आलेले नाव

१/ १९७१च्या युद्धानंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी व नागरिक भारताच्या ताब्यात होते. एप्रिल १९७४पर्यंत ते मायदेशी परतले. पश्चिम आघाडीवर बेपत्ता झालेल्या काही भारतीयांचा प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही. त्यांपैकी एका मराठी वैमानिकाविषयी हा थ्रेड.

२/ फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट विमानतळावरील हल्ल्यात त्यांचे सुखोई-७ विमान पडले. त्याच महिन्यात ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ने पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याचे छापले. त्यात एक नाव होते ‘टोंबे’.

३/ १९४९च्या जिनिव्हा करारानुसार कैद्याचे नाव रेडक्रॉसमार्फत त्याच्या देशास कळवणे बंधनकारक आहे. यादीतील नाव हेच कैद्याचे संरक्षण.

४/ दिलीप परुळकरांची नोंद होती. ऑगस्ट १९७२मध्ये दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले, लंडी कोतलला पुन्हा पकडले गेले; तरीही १ डिसेंबरला सुखरूप मायदेशी परतले. तांबे यांचे नाव परतणाऱ्यांत नव्हते.

५/ १९७९मध्ये सरकारने लोकसभेत अशा ४० जणांची नावे सांगितली. पुढे ‘५४ बेपत्ता’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आपल्याकडे असे कैदी असल्याचे पाकिस्तानने सतत नाकारले. २००७मध्ये १४ नातलगांनी तिथले तुरुंग पाहिले. हाती काही लागले नाही.

६/ विजय यांच्या पत्नी दमयंती, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, यांनी हा शोध अनेक दशके चालवला. पानिपतानंतर पार्वतीबाईंनी सदाशिवरावभाऊंचा मृत्यू मान्य केला नाही, हे आपण जाणतो. तीच प्रतीक्षा दोन शतकांनी, कायदा आणि करार असतानाही, एका घराच्या वाट्याला आली.