प्रार्थनागृहातील बेकरी

जपानमधील कोबे शहर आम्हां यहुद्यांना परके नाही. १९४०-४१ साली युरोपातून निसटलेल्या हजारो यहुदी निर्वासितांना तेथे आसरा मिळाला होता. पहिल्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत पडलेल्या हाइनरिश फ्रॉइंडलीब या जर्मनाने सुटकेनंतर, १९२४ साली, येथेच बेकरी काढली.

पुढे वास्तुशिल्पी व्होरीस यांच्या आराखड्यानुसार शहरात युनियन चर्चची इमारत उभी राहिली. कालांतराने तिची मंडळी दुसरीकडे गेली. १९९५ च्या भूकंपातूनही ती वाचली. १९९९ साली बेकरीने आपले मुख्य दुकान तेथे नेले. खाली पाव-बिस्किटांची विक्री, वर उंच छताच्या प्रार्थनेच्या दालनात उपाहारगृह. बाहेरचे रूप मात्र चर्चचेच राहिले.

हे पाहून आम्हांला कोकणातील आपल्या मशिदी आठवतात. कुटुंबे इस्राएलला गेली, मिन्यान जमणे कठीण झाले. सेफेर तोरा ठेवलेल्या जागी पाव विकावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण वापरातली वास्तूच टिकते. बंद घराला वाळवी लागते. म्हणून गावी गेलात, तर मुलांना घेऊन तेथे जा, दार उघडा आणि एक दिवा लावा.