दोन ‘सावकारी पाश’

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ दोनदा काढला. पहिला १९२५ सालचा, मुका. दुसरा १९३६ सालचा, बोलका. कथा नारायण हरी आपटे यांची. खोट्या कागदांच्या जोरावर सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो बापडा शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. देवादिकांच्या चमत्कारांना टाळ्या पडण्याच्या त्या दिवसांत पडद्यावर कर्जबाजारी कुणबी आणणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. मूकपटात हा शेतकरी झाला होता एक तरुण नट, पुढे ज्यांना आपण व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागलो.

मग तोच विषय पुन्हा कशाला? माझा आपला एक तर्क आहे. बाबूराव मुळात चित्रकार. त्यातून स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवणारे. चित्रकाराचा हात वाळलेल्या चित्रावरही शिवशिवतो. अकरा वर्षांनी ध्वनी हाती आल्यावर त्यांना जुने काम अपुरे वाटले असेल, तर त्यात नवल ते काय?

आणि ध्वनीने काय केले, तेही ऐका. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना मूकपट पुसटसाच आठवत होता. बोलपट पाहिल्यावर मात्र बाबूराव केवढे कलावंत आहेत, हे त्यांना कळले. अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे, एवढेच ते दृश्य. पण ते आठवले की त्यांची तंद्री लागे. म्हणजे निदान एका जाणत्या माणसापुरता तरी दुसरा डाव पहिल्यावर सरस ठरला. जुन्याचे भक्त असलेल्या माझ्यासारख्यांना हे कबूल करणे जरा जडच जाते!

आमच्या अंबरनाथकडे बारवी धरण आहे. त्याची भिंत टप्प्याटप्प्याने उंच केली गेली. प्रत्येक टप्प्याला पाणी नव्या रेषेपर्यंत चढले, कुणाचे शेत, कुणाचे घर खाली गेले. आता हेच पाणी घटाघटा पिणाऱ्या मी ‘भिंत वाढवायला नको होती’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पण ज्याचे अंगण बुडाले, त्याला ‘आता पाणी मुबलक झाले’ एवढे सांगून भागत नाही. सिनेमाच्या रसिकाचे दुःख याच्यापुढे किरकोळ खरे. तरी त्याची जात तीच.

दादासाहेब फाळक्यांचेच पाहा ना. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. १९१७ साली त्यांनी तो पुन्हा काढला. पुण्याच्या संग्रहालयात जपलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे ‘आपला पहिला चित्रपट’ म्हणून मुलाबाळांना आपण कौतुकाने जी हलती चित्रे दाखवतो, ती बहुधा चार वर्षांनंतरची!

अमेरिकेतल्या जॉर्ज ल्यूकसची गोष्ट याहून गमतीची. जुन्या चित्रपटांत फेरफार करणाऱ्यांविरुद्ध १९८८ साली तो तिथल्या काँग्रेसपुढे तावातावाने बोलला. नऊ वर्षांनी, १९९७ साली, त्याने स्वतःच्याच १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये नवे देखावे घातले. गुत्त्यातल्या चकमकीत पूर्वी नायकच आधी गोळी झाडी. आता समोरचा आधी झाडू लागला. नायक सोज्ज्वळ झाला आणि चाहते खवळले. मला त्यांचा राग पटतो. बेरकी माणूस हळूहळू सुधारतो, यात गोष्ट होती. पहिल्यापासूनच सज्जन असलेल्याने सुधारायचे तरी काय? पण निदान त्यांना भांडायला दोन्ही चित्रे डोळ्यांपुढे आहेत.

आपल्याकडे ती सोय नाही. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज मिळत नाही. वाडियांनी वाखाणलेली ती झोपडी मुक्या पडद्यावर कशी दिसली असेल, कुत्रे न रडताही ती तितकीच उदास वाटली असेल का, हे मला फार दिवस पाहायचे आहे.