खांबाच्या जागी बसलेली पोरं

खो-खोच्या मैदानात दोन टोकांना जे लाकडी खांब रोवलेले असतात, त्यांच्या जागी सुरुवातीला माणसं होती. १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम लिहायला घेतले, तेव्हा खांब नव्हतेच. मधल्या रेषेच्या दोन्ही टोकांना संघातले दोन कच्चे गडी बसवत, आणि पाठलाग करणाऱ्याने त्यांना वळसा घालून पलीकडच्या अंगाला जायचं. प्रत्येक गल्लीत अशी पोरं असतात. पळण्यात मागे, हुलकावणी द्यायला गेली की स्वतःच पडणारी, पण खेळात घेतलं नाही तर घरी जाऊन रडणारी. आपण त्यांना लिंबूटिंबू म्हणतो. खांबाचा पूर्वज हा असा लिंबूटिंबू.

खांब लागतो कशाला, हे खो-खो नुसता लांबून पाहिलेल्यांना पटकन कळत नाही. आठ गडी मधल्या पाटीत एकाआड एक उलट्या दिशांना तोंडं करून बसतात. नववा पाठीमागे लागतो. पळणारा या बसलेल्यांच्या रांगेतून हवा तसा आरपार जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडायची बंदी. शिवाय एकदा एका खांबाकडे निघाला की मागे फिरायचं नाही. बाजू बदलायची तर दोनच वाटा. एक, बसलेल्या गड्याच्या पाठीशी जाऊन त्याला खो द्यायचा. दुसरी, टोकापर्यंत धावत जाऊन खांबाला वळसा घालायचा. म्हणजे पाठलाग करणाऱ्याचा अख्खा भूगोल त्या दोन टोकांवर टांगलेला. तिथे कोणी तरी, काही तरी हलणार नाही असं असायलाच हवं. अंगणात खेळणाऱ्यांना त्यासाठी एखादं बारकं पोर पुरतं.

खो-खोला थेट महाभारतात नेऊन पोचवणारे पुष्कळ आहेत. चक्रव्यूह, अभिमन्यू, रथांवरून खेळलेला खो-खो. ऐकायला छान वाटतं, पुराव्याचं बघू. अमेरिकेने आपल्या बेसबॉलसाठी हेच केलं. १९०७ च्या अखेरीस एका आयोगाने निर्वाळा दिला, की ॲबनर डबलडे या गृहस्थांनी १८३९ साली कूपर्सटाऊन गावात बेसबॉल शोधला. ते खोटं असल्याचं पुढे सिद्ध झालं, पण खेळाडूंचं स्मृतिमंदिर अजून त्याच गावात आहे. खेळ मोठा झाला की त्याला कुलदैवत लागतं. १९१४ च्या नियमांशीही लोकमान्यांचं नाव जोडतात. लोकमान्य मंडालेहून सुटून पुण्यात आले तेच त्या वर्षीच्या जूनमध्ये. त्यामुळे मधली रेषा किती लांब असावी यात त्यांनी फार लक्ष घातलं असेल असं मला वाटत नाही. डेक्कन जिमखान्यामागे त्यांच्या पिढीची प्रेरणा होती, एवढं मात्र खरं.

माझ्या मते नियम लिहायची गरज खेळण्यातून पडत नाही. परक्यांशी खेळण्यातून पडते. एका आळीतल्या पोरांना रेषा कुठे संपते हे भांडून ठरवता येतं. दुसऱ्या तालमीचा, दुसऱ्या शाळेचा संघ आला की भांडण पुरत नाही, कागद लागतो. १९०६ साली सुरू झालेल्या डेक्कन जिमखान्याला नेमकं हेच करायचं होतं: देशी खेळ आखाड्यातून आणि अंगणातून उचलून सामन्याच्या मैदानावर आणायचे. तेव्हा मोजमापाची आपल्याकडे किती बोंब होती, त्याचा एक मासला सर दोराबजी टाटांनी लिहून ठेवलाय. ते जिमखान्याचे अध्यक्ष होते. शंभर यार्डांच्या शर्यतीला किती वेळ लागावा, असं त्यांनी एका जाणत्या सभासदाला विचारलं, तर गृहस्थांनी उत्तर मिनिटांत दिलं. इथे हिशेब सेकंदांचा असतो हे ऐकून ते चकितच झाले. आणि त्याच मैदानावर अनवाणी धावणारे शेतकऱ्यांचे पोरगे बघून टाटांना अँटवर्प दिसू लागलं. १९२० च्या तिथल्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पाय होते, घड्याळ नव्हतं.

खांबाची गोष्ट याच घड्याळाची थोरली बहीण. सामना म्हटला की दोन्ही बाजूंना सगळं सारखं हवं. बसलेला पोरगा सारखा कसा असणार? एक जाडा, एक काटकुळा. एक डोळे मिटून घट्ट बसेल, दुसरा आपल्या संघाच्या गड्याला वाट द्यायला वीतभर सरकेल. पंचाने काय पाहायचं? लाकूड सरकत नाही आणि कोणाचा पक्षही घेत नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत अशीच वेळ याआधी अर्धशतक येऊन गेली होती. १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड गावी ॲम्हर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांत बेसबॉलचा सामना झाला. दोन कॉलेजांतला हा पहिला सामना. दोन्ही संघ आपापला चेंडू घेऊन आले होते. एका बाजूला तेरा गडी. ॲम्हर्स्टने ७३–३२ असा धुव्वा उडवला, आणि दुसऱ्या दिवशी बुद्धिबळातही विल्यम्सला हरवलं. सामना झाला तो मॅसॅच्युसेट्सच्या नियमांनी. त्या नियमांत धावणाऱ्याने गाठायच्या ठिकाणी पिशव्या नव्हत्या, जमिनीत ठोकलेले लाकडी खुंट होते. उंची चार फूट. आपला खो-खोचा खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर, म्हणजे चार फूटच. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. धावत्या माणसाच्या हाताला लागेल आणि लांबून दिसेल अशी उंची तेवढीच असावी, इतकंच. पुढे न्यूयॉर्कचे नियम वरचढ ठरले, नऊ गडी आणि नऊ डाव आले, खुंट उखडले गेले. आपल्याकडे उलट झालं. तिथे खांब गेले, इथे आले.

आले ते एकटे नाही आले. १९१९ साली खो-खोचं मैदान लंबवर्तुळाकार ठरलं: मधली रेषा ४४ यार्ड, रुंदी १७ यार्ड. एवढ्या लांबीत पाठलाग करणारा टोकाला पोचेपर्यंत पळणारा घरी जाऊन चहा पिऊन येईल. पुढे मैदान आखडत गेलं, चौकोनी झालं. आताच्या नेहमीच्या मैदानात दोन खांबांमध्ये साधारण २४ मीटर अंतर. १९२३–२४ च्या सुमारास आंतरशालेय स्पर्धांची संघटना उभी राहिली आणि खेळ शाळाशाळांत शिरला. १९२८ साली स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने तिशीच्या दशकात नियम नीट बांधून छापले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९५९–६० मध्ये, आणि तीही महाराष्ट्रात नव्हे, विजयवाड्याला.

खो-खोच्या नियमांत क्रिकेटचं ऋण उघड आहे. डाव आहेत, फॉलोऑनही आहे. फक्त इथे धावा काढत नाहीत, मिनिटं काढतात. पेपरात खो-खोची बातमी वाचा: अमुक खेळाडूने १.५० व २.१० मिनिटे पळती केली आणि तीन गडी टिपले. शंभर यार्डांचं उत्तर मिनिटांत देणाऱ्या त्या सभासदाला हा हिशेब आवडला असता.

खांब उभा राहिल्यावर खेळाडूंनी त्याचं काय केलं, हा या कुळकथेतला मला सगळ्यांत आवडणारा भाग. नियम करणाऱ्यांनी तो वळणाचा दगड म्हणून रोवला. पोरांनी त्याचं हत्यार केलं. धावत यायचं, एका हाताने खांब पकडायचा आणि सगळं अंग जमिनीला समांतर झोकून पलीकडून निसटणाऱ्याला बोटांच्या टोकाने टिपायचं. यालाच खांबावरचा सूर म्हणतात. चांगला पळणारा म्हणूनच खांबाजवळ फिरकताना दोन हात जास्त अंतर ठेवतो. बसलेल्या पोराला धरून असलं काही करता आलं नसतं. पोर कोलमडलं असतं. सारखेपणासाठी आणलेल्या लाकडातून एक नवं कसब जन्माला आलं, जे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

पण किंमतही मोजली गेली. खांब आला आणि टोकाची जागा कायमची भरली. ज्या गड्याला दुसरं काही जमत नव्हतं त्याला संघात ठेवायचं कारण उरलं नाही. स्पर्धा खेळाला शिस्त लावते आणि जाता जाता कच्च्यांना रेषेबाहेर उभं करते. सामन्यासाठी हे बरोबरच आहे. शाळेच्या खेळाच्या तासाला तरी एक टोक मोकळं सोडायला हरकत नव्हती, असं मला वाटतं.

२०२२ साली या खांबाची सत्ता पहिल्यांदा मोठ्या मैदानावर सैल झाली, आणि तीही पुण्यातच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग झाली. तिच्यात ‘वझीर’ नावाचा गडी आणला. त्याला दिशेचं बंधन नाही. खांबापर्यंत न जाताही तो मागे फिरू शकतो. जुन्या जाणत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि मला त्यांची बाजू थोडी कळते. वळसा घ्यावाच लागतो म्हणून तर हुलकावणीला किंमत आहे. वझीर टिकला मात्र. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकातही तो होता. तिथे भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, पुरुष ५४–३६ आणि महिला ७८–४०. कर्णधार होते प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे.

लीगचे नवे नियम साध्या स्पर्शापेक्षा सुराला जास्त मोल देतात. बालेवाडीच्या अंतिम सामन्याचा निकालही त्यावरच लागला. ४ सप्टेंबरला तेलुगू योद्धाज ४५–४३ असे पुढे होते. वेळ संपत आली असताना ओडिशा जगरनॉट्सच्या सूरज लांडेने अंग झोकून गडी टिपला. त्याचे तीन गुण, आणि सामना ४६–४५ असा ओडिशाचा.