शहराचं नाव कोणाच्या मालकीचं? लिव्हरपूलचं उदाहरण

'फुटबॉल क्लबच्या ब्रँडमुळे शहराची प्रतिमा घडते' हे वाक्य संशोधन प्रस्तावात छान दिसतं. पण मार्गदर्शक लगेच विचारणार: 'घडते' म्हणजे नेमकं काय होतं? कोण घडवतं, आणि कुणाच्या नजरेत? हे समजून घ्यायला लिव्हरपूल बघू.

सुरुवात उलट्या दिशेने करू. लिव्हरपूल क्लब १८९२ सालचा. त्याच्या बोधचिन्हावरचा 'लायव्हर बर्ड' मात्र शहराच्या मध्ययुगीन शिक्क्यावरून आलेला. म्हणजे आधी क्लबनेच शहराकडून ओळख उसनी घेतली. हा पक्षी टी-शर्टवरून जगभर फिरला तो खूप नंतर.

आता १९८१ साल घ्या. मे महिन्यात पॅरिसमध्ये रेआल माद्रिदला हरवून क्लबने तिसऱ्यांदा युरोपियन कप जिंकला. जुलैमध्ये त्याच शहरातल्या टॉक्स्टेथ भागात दंगल पेटली. गोदीतली कामं आटली होती, बेकारी वाढली होती. एकाच वर्षात जगाने दोन लिव्हरपूल पाहिली, आणि कपामुळे दुसरं काही झाकलं गेलं नाही.

पुढे तर शहराची बदनामीच चाहत्यांना भोवली. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलचे चाहते समोरच्यांवर धावून गेले आणि ३९ जण मेले. तो डाग खराच होता. पण १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीने लिव्हरपूलच्या एकूण ९७ चाहत्यांचा बळी घेतला, तेव्हा 'द सन'ने चौथ्याच दिवशी चाहत्यांनाच दोषी ठरवणारी खोटी बातमी पहिल्या पानावर छापली. ती लोकांना पटली, याचं एक कारण म्हणजे या शहराबद्दलचा समज आधीच रुजलेला होता. चाहत्यांचा दोष नव्हता, हे ज्युरीने सांगितलं २०१६ मध्ये. तब्बल २७ वर्षांनी! त्या वृत्तपत्रावरचा बहिष्कार शहरात अजून चालू आहे.

आणि २०१९? फुटबॉलशी संबंधित वस्तू आणि सेवांसाठी क्लबने चक्क 'लिव्हरपूल' हा शब्दच ट्रेडमार्क म्हणून मागितला. कारण दिलं नकली मालाचं. विरोध झाला तो शहरातूनच, त्यात क्लबचे स्वतःचे चाहतेही होते. ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने अर्ज फेटाळला, कारण हे नाव मुळात एका जागेचं आहे.

आता पद्धतीकडे येऊ. 'प्रभाव' हा शब्द वापरला की कर्ता गायब होतो. त्याऐवजी साधी क्रियापदं वापरून बघा: क्लबने चिन्ह उसनं घेतलं, वृत्तपत्राने दोष ढकलला, क्लबने नाव मागितलं, शहराने ते दिलं नाही. प्रत्येक क्रियापदाला वेगळं साधन लागतं: शिक्के, जुनी वर्तमानपत्रं, ट्रेडमार्कचे अर्ज. जिथे क्रियापद सापडत नाही, तिथे तुमच्याकडे अजून पुरावा नाही, एवढं समजा आणि पुन्हा दप्तरखान्यात जा.