फुटबॉलचा हौशी पंच व त्याची पूर्वतयारी



फुटबॉलचा सामना पाहून घरीं परत जाणाऱ्या मनुष्यास आपण विचारलें, कीं आज कोण चांगला खेळला, तर तो चार-पांच नांवें तत्काळ सांगेल. परंतु आजचा पंच कोण होता, असें विचारलें तर तो बहुधा गप्प बसेल. आणि न बसला तर पंचाचें नांव घेऊन चार वाईट शब्द बोलेल. ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं तोच पंच उत्तम, अशी या खेळांतील जुनी समजूत आहे. अशा या निनांवी मनुष्याची, आणि विशेषतः जो पोटासाठीं नव्हे तर केवळ हौसेनें शिट्टी हातीं धरतो त्या पंचाची, पूर्वपीठिका आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

या विषयाकडे मी कसा वळलों तें प्रथम सांगतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी एका लहानशा गांवच्या शाळेंत इतिहास शिकवीत असें. आंतरशालेय सामन्यांच्या आदल्या सायंकाळीं खेळाचे शिक्षक आजारी पडले, आणि मुख्याध्यापकांनीं शिट्टी माझ्या हातीं दिली. नियमांचें पुस्तक मीं रात्रीं कंदिलाच्या उजेडांत वाचून काढलें आणि आपली तयारी झाली असें मानलें. दुसऱ्या दिवशीं उत्तरार्धांत एका मुलानें कडेनें जोराचा फटका मारला. मी बराच मागें होतों. मला चेंडू जाळ्यांत दिसला. मीं शिट्टी वाजविली व गोल दिला. दुसऱ्या बाजूचीं मुलें ओरडूं लागलीं, तेव्हां मीं त्यांना दरडावून गप्प केलें. सामना त्याच एका गोलानें निकालास लागला. सायंकाळीं फटका मारणारा मुलगा माझ्या घरीं आला आणि दाराशीं उभा राहून म्हणाला, "गुरुजी, जाळें खांबापासून सुटलें होतें. चेंडू बाहेरून आंत गेला."

"मग तेव्हांच कां सांगितलें नाहींस?" मीं विचारलें.

"तुम्हीं शिट्टी वाजविली होती, गुरुजी."

त्या उत्तरानें मला बरेच दिवस स्वस्थता लाभली नाहीं. इतिहासाच्या शिक्षकाला दुसरें कांहीं सुचत नाहीं. मीं या शिट्टीचाच इतिहास शोधावयास आरंभ केला.

तो आरंभ मोठा विस्मयकारक आहे. इ. स. १८६३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २६ तारखेस लंडन येथील फ्रीमेसन्स टॅव्हर्न नामक खाणावळींत कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं फुटबॉल असोसिएशनची स्थापना केली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीं खेळाचे पहिले नियम सिद्ध केले. त्या नियमांत बुटांचा उल्लेख आहे; तळव्यास अगर टाचेस बाहेर आलेले खिळे, लोखंडी पत्रे किंवा गटापर्चा लावूं नये, असें स्पष्ट बजावलें आहे. परंतु त्या साऱ्या नियमांत पंचाचें नांवही नाहीं! हा खेळ मोठमोठ्या विद्यालयांतून शिकलेल्या सद्गृहस्थांचा, आणि सद्गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडीत नाहीं. कांहीं वाद झालाच तर दोन नायक आपसांत मिटवितील, अशी त्यांची श्रद्धा होती.

ही श्रद्धा फार दिवस टिकली नाहीं. खेळ पसरला, चषकांसाठीं सामने होऊं लागले आणि जिंकण्याची ओढ वाढली. मग प्रत्येक पक्ष आपला एकेक पंच घेऊन येऊं लागला. १८७४ सालीं या पंचांचा नियमांत प्रथम समावेश झाला. परंतु आपापल्या पक्षानें आणलेल्या दोन पंचांचें एकमत तें कितीसें होणार? म्हणून मैदानाबाहेर एक तिसरा मनुष्य बसवावा लागला. दोघांत मतभेद झाल्यास त्याजकडे दाद मागावयाची. इंग्रजींतील 'रेफरी' या शब्दाचा मूळ अर्थच हा कीं, ज्याच्याकडे प्रश्न निर्णयासाठीं सोंपविला जातो तो. म्हणजे आज मैदानाच्या मध्यभागीं धांवणारा हा अधिकारी मूळचा काठावर बसलेला लवाद होता. आपल्याकडील गांवपंचायतीची ज्यांना माहिती आहे, त्यांना या रचनेंत फारसें नवल वाटणार नाहीं.

खरी क्रांति झाली ती १८९१ सालीं. त्या वर्षीं रेफरीस मैदानांत आणून सर्व निर्णय त्याच्या एकट्याच्या हातीं देण्यांत आले, आणि दोन पंच सीमेबाहेर निशाण घेऊन उभे राहिले. त्याच वर्षीं आयर्लंडमधील विल्यम मॅक्क्रम नांवाच्या गोलरक्षकाच्या सूचनेवरून पेनल्टीची शिक्षा नियमांत आली. कित्येक कुलीन खेळाडूंस ती अपमानास्पद वाटली. सभ्य मनुष्य मुद्दाम आडवा पाय घालील हें गृहीत धरणेंच त्यांना सहन होईना. परंतु काळ बदलला होता. मैदानावर आतां गिरणींतला कामगार, कोळशाच्या खाणींतला मजूर, दुकानांतला कारकून, असे सर्व तऱ्हेचे लोक आले होते, आणि सर्वांना सारखा न्याय हवा होता.

आतां या पंचाचा सामना ठरतो कसा, तें पाहूं. इंग्लंडांत १८५० च्या कारखान्यांच्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांतील कामगारांस शनिवारीं दुपारीं दोन वाजतां सुटी मिळूं लागली. शनिवारीं दुपारीं तीन वाजतां फुटबॉल, ही रूढि अशा अर्ध्या सुटीच्या पोटीं जन्मास आली. परंतु पंचही नोकरदारच! कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी खाटीक. त्यालाही शनिवारीं दुपारींच मोकळीक. म्हणून एकाच वेळीं शेंकडों मैदानांवर शेंकडों पंच लागत, आणि त्यांची वाटणी करणें हें एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसलें. प्रत्येक परगण्याची असोसिएशन परीक्षा घेऊन पंचांची नोंद करी व त्यांच्या प्रती ठरवी. नवशिक्यानें प्रथम मुलांचे व धाकट्या संघांचे सामने चालवावयाचे. तेथें नीट उतरला तर वरची पायरी. लीगचा नेमणूक-चिटणीस पंचांना पत्रें धाडी. अमुक तारखेस, अमुक मैदानावर, अमुक वाजतां. पंचानें उलट टपालीं होकार द्यावयाचा. मग यजमान क्लबानें पंचास मैदानाचा पत्ता, तेथें जाण्याचा मार्ग, खेळाची वेळ व दोन्ही संघांच्या पोषाखाचे रंग कळवावयाचे. हे रंग सारखे निघाले तर पंचाची फजिती ठरलेलीच!

त्यांतही अडचणी पुष्कळ. हिंवाळ्यांत तिकडे दिवस लवकर मावळतो. दिव्यांची सोय नसलेल्या मैदानावर खेळ उशिरां सुरूं केला तर शेवटचीं दहा मिनिटें अंधारांत खेळावीं लागावयाचीं. म्हणून पंचाला आगगाडीच्या वेळापत्रकाबरोबर सूर्यास्ताचेंही भान ठेवावें लागे. धुकें पडलें, पाणी सांचलें किंवा जमीन बर्फानें कठीण झाली, तर खेळ होऊं द्यावयाचा कीं नाहीं, हें ठरविण्याची जबाबदारी त्याचीच. लोक लांबून आले आहेत म्हणून 'होऊं द्या' म्हणावें, तर एखाद्या तरुणाचा पाय मोडावयाचा. 'नको' म्हणावें, तर बावीसजण रागावावयाचे.

मैदानावर तो खेळाच्या पुष्कळ आधीं पोंचतो, आणि या वेळांत जें काम करतो त्याकडे प्रेक्षकांचें लक्ष क्वचितच जातें. सर्व मैदान पायाखालीं घालून खड्डे, दगड, कांचा पाहावयाच्या. रेषा दिसतात कीं नाहीं तें पाहावयाचें. दोन खांबांतील अंतर ७·३२ मीटर व आडव्या दांडीची उंची २·४४ मीटर भरली पाहिजे. कोपऱ्यावरील निशाणाची काठी दीड मीटरहून आंखूड नको आणि तिचें टोंक अणकुचीदार नको. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर व वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावें. मग जाळें. ही जाळ्याची युक्ति लिव्हरपूल येथील जॉन ब्रॉडी नांवाच्या इंजिनिअरची. चेंडू खांबाच्या आंतून गेला कीं बाहेरून, हा तंटा मिटावा म्हणून त्यानें ती काढली. मात्र जाळें स्वतःच फाटलें अगर सुटलें असेल, तर तेंच खोटी साक्ष देतें. म्हणून पंचानें तें हातानें ओढून, खांबाशीं व जमिनीशीं नीट बांधलें आहे कीं नाहीं, हें पाहावयाचें असतें. या कामास फार तर दोन मिनिटें लागतात. मीं तीं दोन मिनिटें दिलीं नव्हतीं.

त्यानंतर खेळाडूंच्या बुटांची तपासणी. १८६३ च्या त्या खिळ्यांच्या नियमाचाच हा वंशज होय. शेवटीं स्वतःचे खिसे. दोन घड्याळें, दोन शिट्ट्या, नाणेफेकीसाठीं नाणें, पेन्सिल व टिपणवही. दोन-दोन वस्तु कां? तर एक घड्याळ बंद पडलें म्हणून खेळ थांबत नाहीं.

या पूर्वतयारीचें सर्वांत नाट्यमय उदाहरण १९३० सालचें. पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३० जुलै रोजीं माँटेव्हिडिओ येथें उरुग्वे व आर्जेंटिना यांच्यांत व्हावयाचा होता. पंच होते बेल्जमचे जाँ लांजेनुस. लोक इतके खवळलेले होते, कीं त्यांनीं आपल्या सुरक्षिततेची हमी मागून घेतली व खेळ संपतांच बंदरावर जहाज गांठतां येईल अशी व्यवस्था करविली. त्यांतच चेंडू कोणाचा वापरावयाचा यावर दोन्ही राष्ट्रें अडून बसलीं. अखेर पूर्वार्धांत आर्जेंटिनाचा व उत्तरार्धांत उरुग्वेचा चेंडू, अशी तडजोड झाली. मध्यंतरास आर्जेंटिना २-१ असा पुढें होता. शेवटीं उरुग्वेनें ४-२ असा विजय मिळविला. आधींच तोडगा निघाला नसता, तर सामना सुरूं तरी झाला असता कीं नाहीं, कोण जाणे.

या क्षेत्रांत माझ्या व्यवसायबंधूंनीं केलेलें कार्य पाहून मला अभिमान वाटतो. स्टॅन्ले रूस हे वॉटफर्डच्या शाळेंत शिक्षक होते. १९३४ सालीं मँचेस्टर सिटी व पोर्टस्मथ यांचा इंग्लिश चषकाचा अंतिम सामना त्यांनीं चालविला. पंचानें मैदानाच्या एका कर्णरेषेच्या अनुरोधानें धांवावें व उरलेले दोन कोपरे निशाणवाल्यांनीं संभाळावे, या पद्धतीचा त्यांनीं प्रसार केला. गुंतागुंतीचे झालेले नियम त्यांनीं नव्यानें सुबोध भाषेंत लिहिले, आणि १९३८ पासून ते १७ कलमांच्या रूपानें रूढ झाले. कठीण धडा सोपा करून मांडणें हें शिक्षकाचेंच काम नव्हे काय?

दुसरे केन ॲस्टन, इलफर्ड येथील शाळेचे मुख्याध्यापक. १९६२ सालीं चिली व इटली यांचा हाणामारीनें गाजलेला सामना त्यांच्या वांट्यास आला होता. पुढें १९६६ सालीं इंग्लंड व आर्जेंटिना यांच्या सामन्यांत पंच जर्मन, खेळाडू इंग्रज व स्पॅनिश बोलणारे. कोणास ताकीद मिळाली हेंच कोणास उमगेना. मोटार हांकीत असतां रस्त्यावरचे दिवे पाहून ॲस्टन यांना सुचलें, कीं पिवळा म्हणजे संभाळ, तांबडा म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिकोंतील विश्वचषकापासून हीं दोन रंगांचीं कार्डें पंचाच्या खिशांत आलीं. जी भाषा बोलून समजत नाहीं ती रंगानें समजवावी, हीही शाळेंतलीच युक्ति!

आपल्या मुंबईचा या इतिहासाशीं एक योगायोगाचा संबंध आहे. ज्या १८९१ सालीं रेफरी मैदानांत उतरला, त्याच सालीं मुंबईंत रोव्हर्स चषक सुरूं झाला. विलायतेंत फुटबॉल हिंवाळ्याचा खेळ. मुंबईंत तो पावसाळ्याचा. तिकडे पंच धुक्याकडे पाही, तर इकडचा पंच कूपरेजच्या चिखलाकडे. शिवाय येथें आणखी एक विशेष होता. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें हरविलें, तेव्हां गोऱ्यांच्या पायांत बूट होते आणि बंगाली खेळाडू, एखादा अपवाद सोडून, अनवाणी होते. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें आपला संघ फ्रान्सशीं १-२ असा हरला, तो सामनाही त्याच इलफर्ड गांवीं झाला. तेव्हांही आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले. ज्या पायांत बूटच नाहीं, त्याच्या बुटाचे खिळे पंचानें कसे तपासावे? परंतु त्याच्याच रक्षणासाठीं दुसऱ्याचे बूट मात्र अधिकच काळजीनें तपासले पाहिजेत.

आज नेमणुकीचीं पत्रें गेलीं; भ्रमणध्वनीवर क्षणांत निरोप येतो. २०१८ च्या विश्वचषकापासून मोठ्या पंचाच्या पाठीशीं चित्रफीतही उभी राहिली. २०२२ सालीं स्टेफानी फ्रापार या फ्रेंच बाईंनीं पुरुषांच्या विश्वचषकांतील सामना चालवून आणखी एक दार उघडलें. परंतु तालुक्याच्या मैदानावरील हौशी पंचास चित्रफीत नाहीं, पुष्कळदां निशाणवालेही नाहींत. त्याची खरी मदतनीस म्हणजे त्याची पूर्वतयारीच.

त्या प्रसंगानंतर मीं निवृत्त होईपर्यंत दरवर्षीं शाळेचे सामने चालविले. प्रत्येक वेळीं आधीं दोन्ही जाळीं हातानें ओढून पाहिलीं. आणखी एक गोष्ट शिकलों. खेळ पुन्हां सुरूं होण्यापूर्वीं आपला निर्णय बदलण्याचा अधिकार नियमानें पंचास दिलेला आहे; त्यानंतर नाहीं. त्या दिवशीं मजजवळ तेवढा अवधि होता. मुलें ओरडत होतीं तेव्हां मीं जाळ्यापर्यंत चालत गेलों असतों, तर सुटलेली दोरी मला दिसली असती. मीं मुलांना गप्प केलें, आणि खरें जाणणारा मुलगाही त्यांच्याबरोबर गप्प झाला.

तो मुलगा सायंकाळीं माझ्या दाराशीं आला, हा त्याचा मोठेपणा. त्याला दिवसभर थांबावें लागलें, हा मात्र माझा दोष.