टकटक नेमकी कशाची? इंजिनाच्या एका निदानाचा इतिहास

घाट चढताना जुनी गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबलात, की कधीकधी बॉनेटखालून टकटक आवाज येतो. गाडी थरथरते आणि ओढत नाही. गॅरेजमध्ये सांगतात, 'नॉकिंग आहे.' मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून टायमिंग मागे घेतो. आवाज बंद होतो, पण पिकअपही थोडा जातो. ज्वलनाचं रसायनशास्त्र हा माझ्या पीएचडीचा विषय असल्यामुळे या टकटकीशी माझा रोजचा संबंध आहे. आज ती आहे काय हे नाही, तर ती काय आहे हे माणसाला कळलं कसं, आणि कळल्यावर आपण काय केलं, हे सांगणार आहे.

आधी थोडं विज्ञान. सिलिंडरमध्ये स्पार्क पडला की पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणात एक ज्योत तयार होते आणि ती कडेकडे सरकत जाते. तिच्या पुढचं, अजून न जळलेलं मिश्रण या काळात दाबलं जातं आणि तापतं. सगळं ठीक असेल तर ज्योत तिथे वेळेत पोचते. नाहीतर ते उरलेलं मिश्रण स्वतःहून, एकदम पेटतं. दाब क्षणात उसळतो, त्याच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. हीच टकटक. ती जोरात चालू राहिली तर पिस्टनला भोक पडू शकतं.

हे आज तुम्हाला चार ओळींत सांगता येतं. शंभर वर्षांपूर्वी मात्र संशय भलत्याच भागावर होता. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हँडल मारायची गरज उरली नव्हती, कारण चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने तिला इलेक्ट्रिक स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारं इग्निशन दिलं होतं. गाडी टकटक करायला लागली की लोक या नव्या इग्निशनला दोष द्यायचे. तुम्हीही हेच केलं असतं. नवीन बसवलेल्या भागावर पहिला संशय घेणं ही गॅरेजमधली जुनीच रीत आहे.

पण डेल्कोचं एक छोटं जनरेटर इंजिनही होतं, शेतावरच्या घरांना वीज देणारं. ते रॉकेलवर चालवलं की भयंकर ठोके द्यायचं. म्हणजे दोष इग्निशनचा की इंधनाचा? १९१६ मध्ये केटरिंग यांनी हा प्रश्न थॉमस मिजली या तरुण मेकॅनिकल इंजिनिअरकडे सोपवला. मिजली यांनी सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला नोंदवायची सोय केली. आलेखात दिसलं, की दाबाची उसळी स्पार्कच्या आधी नाही, नंतर येते. म्हणजे मिश्रण स्पार्कआधीच पेटतं हा समज चुकीचा होता. इग्निशन निर्दोष सुटलं.

आता इंधन का ठोकतं? मिजली यांचा अंदाज असा, की रॉकेलला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल आणि लवकर वाफ होईल. भांडारात तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून त्यांनी आयोडीन टाकलं. टकटक थांबली! इथे बरेच जण 'सिद्ध झालं' म्हणून मोकळे झाले असते. मिजली यांनी पुढे खरे लाल रंग आणवून टाकून पाहिले. काही फरक नाही. मग आयोडीनचंच, पण रंगहीन असलेलं एक संयुग टाकलं. टकटक पुन्हा थांबली. म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता, करामत रसायनाची होती. औषध लागू पडलं म्हणजे निदान बरोबर होतं असं नाही, हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आयोडीन महाग होतं आणि धातू खायचं. मग शोध सुरू झाला. १९१९ मध्ये अ‍ॅनिलिन लागू पडलं. सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगं त्याहून प्रभावी निघाली, पण त्यांचा वास माणसाच्या अंगाला चिकटून राहायचा. आवर्तसारणीचा आधार घेत हा गट शिशापर्यंत पोचला आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात घालून पाहिलं. एका गॅलनला, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पेट्रोलला, जेमतेम ३ मिलिलिटर पुरेसं होतं. अल्कोहोलनेही टकटक थांबते हे याच प्रयोगशाळेला माहीत होतं. पण ते पेट्रोलच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकं मिसळावं लागायचं, आणि शिशाच्या संयुगासारखी त्यावर कुणा एका कंपनीची मक्तेदारी होण्यासारखी नव्हती. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात हे नवं पेट्रोल 'एथिल' नावाने विकायला आलं. नावात शिसं कुठेच नव्हतं.

आता नवी तक्रार आली. जळलेलं शिसं स्पार्क प्लगवर आणि व्हॉल्व्हवर थर धरायचं. प्लगवर थर बसला की इंजिन मिसिंग करणार. यावरही उपाय निघाला. सोबत ब्रोमीनचं एक संयुग मिसळायचं, म्हणजे शिसं लेड ब्रोमाइड होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. इंजिन स्वच्छ राहिलं. या वाक्याशी जरा थांबा. 'बाहेर' म्हणजे कुठे, हा प्रश्न इंजिनाच्या तपासणीत नव्हताच. तपासणी सायलेन्सरच्या टोकाशी संपत होती.

शिसं विषारी आहे हे तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. खुद्द मिजली १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेमुळे सुटीवर गेले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले. त्यानंतर काही दिवसांतच मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतून घेतलं आणि हुंगून दाखवलं. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सरकारी परिषद भरली. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येलचे यँडेल हेंडरसन यांनी तिथे विरोध केला. कारखान्यातल्या कामगारापुरता हा प्रश्न नाही, रस्त्यावरच्या प्रत्येकाचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. समितीने १९२६ मध्ये सांगितलं, की बंदी घालण्याइतका पुरावा नाही, पण अभ्यास चालू ठेवावा. विक्री पुन्हा सुरू झाली.

पुरावा आला तो फार उशिरा, आणि भलत्याच दिशेने. पृथ्वीचं वय मोजणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांच्या नमुन्यांत सगळीकडून शिसं घुसत होतं. ते येतं कुठून याचा माग घेत त्यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की आपल्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर गेलंय. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हेही पुढे स्पष्ट झालं. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झालं. गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं.

जुन्या गाड्यांना याचा एक फटका बसला. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये शिशाचा थर गादीसारखा काम करायचा. तो गेल्यावर मऊ बिडाच्या सीट झिजू लागल्या. सीट झिजली की टॅपेटची फट मिटते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि गाडी पुन्हा थरथरते, ओढत नाही. लक्षण तेच, कारण मात्र वेगळं. म्हणून जुनं इंजिन ठोकत असेल तर फक्त टायमिंग मागे घेऊन थांबू नका. इंजिन तापतंय का, मिश्रण पातळ आहे का, आत कार्बन साचलाय का, आणि आवाज खरंच ज्वलनाचा आहे की टॅपेटचा, हे एकेक वेगळं करून बघा, मिजली यांनी रंग आणि आयोडीन वेगळं केलं तसं.

आणि आज? ज्या अल्कोहोलला तेव्हा बाजूला सारलं, ते आता इथेनॉल म्हणून आपल्या पंपावर आहे, २० टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रातले साखर कारखाने ते बनवतात. टकटक रोखण्यात ते उत्तम आहे, हे रसायनशास्त्र मी तुम्हाला खात्रीने सांगेन. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हेही तितकंच खरं. पण ऊस कुठे लावला, त्याला पाणी कुठून आलं, कुणाच्या विहिरीत किती उरलं, हे माझ्या लॅबमधल्या इंजिनावर दिसत नाही. ते मोजायचं तर लॅबच्या बाहेर जावं लागतं, आणि या वेळी ते चाळीस वर्षं उशिरा नको.